चिंचेचं वय

बाजारातून येताना एसटी स्टँडच्या अलीकडे रस्त्याला लागून जी मोठी चिंच आहे, तिच्या बुंध्याला चार खिळ्यांनी एक कागद ठोकलेला दिसला. हातात भाजीच्या पिशव्या होत्या, डोक्यावर ऊन होतं, तरी थांबून वाचला. वर नगरपरिषदेचा शिक्का, जावक क्रमांक, अर्जदाराचं नाव, सर्व्हे नंबर. खाली चौकट: झाडाची जात चिंच, संख्या एक, तोडण्याचे कारण बांधकामास अडथळा व फांद्या धोकादायक, झाडाचे अंदाजे वय ४० वर्षे. कुणाची हरकत असल्यास सात दिवसांच्या आत लेखी कळवावी. शेजारी कोथिंबीर घेऊन बसणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, काय लिहिलंय ओ त्यात? लावून गेल्यात तवापासनं कुणी वाचंना झालंय." मी सांगितलं. त्यांनी मान वर करून झाडाकडे बघितलं आणि परत जुड्यांवर पाणी शिंपडायला लागल्या. घरी आले, भाजी निवडली, स्वयंपाक केला, पण तो चाळीसचा आकडा डोक्यातून जाईना. मी साठीला टेकलेय. चौथीत असताना याच झाडाखाली आम्ही पोरी चिंचेचे आकडे वेचायचो, आणि तेव्हाही हिचा बुंधा माझ्या कवेत मावत नव्हता. कागदावर ती चिंच माझ्याहून धाकटी झाली होती.

या आकड्याला एरवी काही महत्त्व नसतं. पण महाराष्ट्रातल्या शहरांतल्या झाडांच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड 'हेरिटेज वृक्ष' ठरलं. शिवाय झाड तोडायची परवानगी मिळालीच तर त्याचं जितकं वय तितकी नवी रोपं लावायची, असंही त्याच दुरुस्तीनं आलं. म्हणजे झाडाचं वय हीच आता त्याची पत. चाळीस म्हटलं की ते साधं झाड, पन्नास म्हटलं की वारसा. हा चाळीस कुणी लबाडीनं लिहिला असेल असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. कायद्यानं दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते. मागच्या गणनेला बाहेरगावची तरुण मुलं आली होती, हातात मोबाइल, गळ्यात ओळखपत्र, एका दिवसात गल्लीच्या गल्ली मोजत जाणारी. त्यांतल्या कुणीतरी बुंध्याकडे बघून अंदाजानं चाळीस टाकलं, ते नोंदवहीत गेलं, नोंदवहीतून नोटिशीवर आलं. त्या मुलाला कोण सांगणार होतं? दुपारची वेळ, दुकानं बंद, रस्त्यावर माणूस नाही.

मला त्या झाडाबद्दल जे माहीत आहे त्यातलं बरंच जिभेला माहीत आहे. माघात आकडे गाभुळायला लागले की टरफल बोटाच्या दाबानं सुटायचं, आतला गर अर्धा हिरवट, अर्धा तपकिरी, आंबट आणि गोड यांच्या मधल्या कुठल्यातरी जागी. मीठ-मिरचीची पूड फ्रॉकच्या खिशात कागदात बांधून न्यायची. शाळा सुटल्यावर दात आंबेपर्यंत खायचं आणि घरी जेवताना भाकरी चावता येईना म्हणून बोलणी ऐकायची. उन्हाळ्यात झाडाचा सौदा उक्ता व्हायचा. झोडपणारे गडी वर चढायचे, खाली बायका लुगड्याचा काचा मारून पोत्यांत भरायच्या, आणि पुढचे काही आठवडे आमच्या गल्लीत घरोघरी चिंच फोडायचं काम चालायचं. ओट्यावर दगड, हातात लहानसा हातोडा, एका बाजूला गर, दुसऱ्या बाजूला चिंचोके. सगळ्या गल्लीला आंबूस वास लागायचा. चिंचोके सुद्धा वाया जायचे नाहीत, घोंगड्या विणणारे धनगर खळीसाठी ते पायलीनं न्यायचे. झाडाच्या ढोलीत पिंगळ्यांचं जोडपं असायचं, तिन्हीसांजेला त्यांची कचकच सुरू झाली की आई दिवा लावायची. या सगळ्यातलं नोटिशीच्या चौकटीत बसेल असं काहीच नव्हतं, आणि तसं ते बसावं अशी अपेक्षाही नाही. कागदाला वय हवं होतं. तर वयच शोधून द्यावं लागणार होतं.

पण त्याआधी मला दोन रात्री झोप लागली नाही, आणि त्याचं कारण झाड नव्हतं.

अर्जदार आमचे मेडिकलवाले दादा होते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आई आजारी होती तेव्हा रात्री एक वाजता फोन केला तर हा माणूस उठून, शटर अर्धं वर करून, आतून औषध काढून देत होता. पैसे नंतर द्या म्हणाला, आणि नंतरही स्वतःहून कधी विषय काढला नाही. त्याचा थोरला मुलगा शिकून परत आलाय, धाकटा शिकतोय. जुनं कौलारू घर पाडून खाली तीन गाळे आणि वर राहायला जागा, असा नकाशा त्यानं काढून घेतलाय. चिंच बरोबर तिसऱ्या गाळ्याच्या तोंडाशी येते. त्यातून गेल्या वळवात एक फांदी मोडून खाली लावलेल्या स्कूटरवर पडली होती. स्कूटरवर माणूस असता तर काय, ही त्याची भीती खोटी नाही. शहरात हरकत घेणारा माणूस एखाद्या मोठ्या कंपनीविरुद्ध, प्राधिकरणाविरुद्ध, मेट्रोविरुद्ध उभा असतो. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयानं मेट्रोच्या कारशेडसाठीच्या झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मुंबईच्या आरेत करवती चालल्या, दोन हजारांहून अधिक झाडं पडली, सोमवारी ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं तोड थांबवायला सांगितली. त्या रात्री तिथं जी मुलं पोलिसांच्या गाडीत बसली त्यांचं धैर्य मी कमी लेखत नाही. पण करवत चालवणाऱ्याच्या घरी त्यांना संक्रांतीला तिळगूळ द्यायला जायचं नव्हतं. आमच्यासारख्या गावात प्रत्येक अर्जाच्या खाली ओळखीचं नाव असतं. कुणी आपल्या पोराचा मास्तर असतो, कुणी आईचा डॉक्टर, कुणी भावकीतला. म्हणून नोटिशी लागतात, सात दिवस टळतात, आणि कुणाचीही हरकत आली नाही असा शेरा पडतो. त्या शेऱ्याचा अर्थ कुणाला वाईट वाटलं नाही असा होत नाही.

आणि नोटीस लागणारं झाड त्यातल्या त्यात नशीबवान म्हणायचं. कायद्यात झाड तोडणं याची व्याख्या मोठी आहे, जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं त्यात येतं. स्वतःच्या खासगी जागेतलं झाडही त्यात येतं, हे तर निम्म्या गावाला पटतच नाही. 'माझ्या जागेतलं झाड, मी बघीन' हे वाक्य मी शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. पण व्याख्या कितीही मोठी असली तरी कार्यालयाच्या डोळ्यांना कुऱ्हाडच दिसते. आमच्या कोर्टामागचा कडुनिंब कुणी तोडला नाही. त्याच्या बुडाशी रोज कचरा जमवून पेटवला गेला, एक बाजू कोळशासारखी काळी झाली, तिसऱ्या पावसाळ्यात तो आडवा झाला आणि नैसर्गिकरीत्या पडला अशी नोंद झाली. शाळेच्या कोपऱ्यावरचा गुलमोहर पेव्हर ब्लॉकनी मारला. बुंध्याला घट्ट चिकटवून सिमेंट ओतलं, पाणी मुरायला वीतभर माती ठेवली नाही. दिल्लीच्या बाबतीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१३ मध्येच सांगितलं होतं की झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी सोडा, आधी घातलेलं काँक्रीट उकरून काढा. ती एक मीटर माती आमच्या गावापर्यंत पोचलेली नाही. कुणी बुंध्याची साल गोल सोलतं, कुणी भोक पाडून आत हिंग भरतं की आणखी काही भरतं, ते रात्रीच जाणे. झाड वाळलं की धोकादायक होतं, आणि धोकादायक झालं की परवानगी मागताना कुणाला अवघड जात नाही. छाटणी हा तर आणखी सभ्य मार्ग. पावसाळ्यापूर्वी तारांना लागतात म्हणून एकाच बाजूच्या फांद्या उतरवतात, तोल गेलेलं झाड पुढच्या वादळात तारांवरच पडतं.

वेशीच्या बाहेर तर नियमच बदलतो. ओढ्यापलीकडे ग्रामपंचायतीची हद्द लागते, तिथं १९६४ चा झाडतोडीचा कायदा. त्याच्या मूळ यादीत सोळा जाती आहेत: साग, चंदन, खैर, हिरडा, मोह, आंबा, फणस, जांभूळ, चिंच आणि अशाच. वड नाही, पिंपळ नाही, कडुनिंब नाही. यादी करताना इमारती लाकूड आणि फळांचं उत्पन्न डोळ्यांसमोर असणार, सावलीचा हिशेब कुणी धरला नसावा. ओढ्याच्या अलीकडचा पिंपळ तोडायला परवानगी लागते आणि पलीकडचा त्याच वयाचा पिंपळ त्या यादीत नाही, हे मला समजून घ्यायला फार जड गेलं.

वयाचा पुरावा शोधायला मी आधी पुस्तकी मार्गानं गेले. वनखात्यात नोकरी केलेले एक ओळखीचे गृहस्थ आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, सागाची वलयं मोजता येतात, पण आपल्याकडच्या पुष्कळ झाडांत वर्षाचं वलय असं स्वच्छ उमटत नाही. चिंच सावकाश वाढते, दोनशे वर्षंही जगते, घेरावरून फक्त अंदाज बांधायचा, आणि पाणी कमी-जास्त मिळालं की तोही चुकतो. म्हणजे झाड स्वतःचं वय सांगणार नव्हतं. गावानंच सांगायला हवं होतं.

बोळातल्या आजी नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांना नुसतं विचारलं, "आजी, स्टँडवरची चिंच कधीची हो?" त्या म्हणाल्या, "भूकंपाच्या वक्ताला होती की." आमच्या भागात भूकंप म्हटला की तो एकच, कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. मी तेव्हा पाळण्यातली. आजींनी मग सगळं सांगितलं. भांडी मांडणीवरून खाली आली, कौलं सरकली, माणसं पोरं काखोटीला मारून बाहेर पळाली, आणि पुढं कितीतरी रात्री कुणी घरात झोपायला तयार होईना. थंडी मरणाची. उघड्यावर दव पडायचं म्हणून तीन-चार घरांनी चिंचेखाली घोंगड्या टाकल्या, मधे शेकोटी केली. "चिचंखाली निजू न्हाई म्हंत्यात, तिथं काय काय आसतंय. पर त्या टायमाला भुताचं भ्या कुणाला हुतं? घराचंच भ्या वाटाय लागल्यालं." मी विचारलं, केवढं होतं झाड? त्यांनी दोन्ही हात पसरले आणि म्हणाल्या, "माझ्या चुलत सासऱ्यानं फांदीला पटका बांधून झोळी किली हुती, तुझ्या आईनं तुला त्यात झोपिवलं हुतं." हे मला आईनं कधी सांगितलं नव्हतं. आई आता नाही. मी त्या ओट्यावर किती वेळ बसून राहिले ते सांगता येत नाही. आजींनी आतून गुळाचा खडा आणि पाणी आणून दिलं.

झोळी बांधता येईल अशी फांदी १९६७ साली होती, एवढं कार्यालयाच्या भाषेत त्याचं भाषांतर. पण नव्वदीच्या बाईचं म्हणणं नुसतं तोंडी कोण धरेल, म्हणून कागदही हवा होता. तो जुन्या फोटो स्टुडिओत मिळाला. स्टुडिओ आता मोबाइलची कव्हरं विकतो, पण मालकानं वडिलांच्या वेळचे खोके माळ्यावर ठेवले आहेत. आम्ही दोघं आणि त्याची मुलगी असे धूळ झटकत बसलो. लग्नं, मुंजी, शाळेचे निरोप समारंभ, मयताच्या आधी घाईनं काढलेले म्हाताऱ्यांचे फोटो. त्यांत गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीचा एक निघाला. पुढं लेझीमवाली पोरं, मागं बैलगाडीवर मूर्ती, आणि गाडीच्या मागं, मेडिकलवाल्यांच्या कौलांच्याही वर गेलेला, ओळखू येणारा चिंचेचा तो दुबेळका. फोटोमागे स्टुडिओचा शिक्का आणि निळ्या शाईत साल, १९६९. फोटोग्राफरनं झाडाचा फोटो काढला नव्हता. झाड आपलं मागे उभं होतं. मला वाटतं, गावातल्या बहुतेक झाडांचे जे काही पुरावे असतील ते असेच, माणसांच्या फोटोंच्या मागच्या बाजूला असतील.

आजींचा जबाब लिहून घेतला, अंगठा घेतला, फोटोची प्रत जोडली आणि साध्या कागदावर हरकत लिहिली. झाड तोडू नका असं मी त्यात लिहिलं नाही. नोटिशीतलं वय चुकीचं आहे, ते पन्नासच्या वर असल्याचा हा पुरावा आहे, फेरतपासणी करून मगच निर्णय घ्यावा, एवढंच. अर्ज द्यायला जाण्याआधी मात्र मी मेडिकलमध्ये गेले आणि दादांच्या हातात त्याची एक प्रत ठेवली. पाठीमागून जायचं मला पटत नव्हतं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, एवढं लिहायच्या आधी घरी यायचं होतं. आपण बसून मिटवलं असतं."

त्या वाक्याला माझ्याकडे तिथं उत्तर नव्हतं, पण तेव्हापासून मी त्याचाच विचार करतेय. घरी बसून मिटवणं ही आमच्या गावाची चांगली रीत आहे. बांधाची भांडणं, पाण्याच्या पाळ्या, लग्नातले रुसवे, कोर्टात न जाता ओट्यावर मिटलेले मी पाहिलेत. पण ओट्यावर जे बसतात त्यांच्यातच तडजोड होते. मी बसले असते, ते बसले असते. कोथिंबीरवाल्या मावशी बसल्या नसत्या, ज्यांच्या जुड्या त्या सावलीत दुपारपर्यंत टिकतात. रिक्षावाले बसले नसते, खेड्यातून तपासणीला आलेल्या आणि परतीच्या एसटीची वाट बघणाऱ्या गरोदर बायका बसल्या नसत्या. पिंगळे तर नाहीतच. म्हणून तर कायदा म्हणतो की वृक्ष अधिकाऱ्यानं स्वतः झाड बघावं, वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी आणि झाडावर सगळ्यांना दिसेल अशी नोटीस लावावी. झाडावरच का, तर त्या सावलीत बसणाऱ्याला वर्तमानपत्र परवडत नसलं तरी कळावं म्हणून. हा विचार ज्यानं कायद्यात घातला त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो. मधली काही वर्षं नगरपरिषदांना निवडून आलेले सदस्यच नव्हते, प्रशासकाच्या सहीनं कारभार चालला. तेव्हाही हा एक कागद गावाला विचारत होता, तुम्हाला काही म्हणायचंय का.

फेरतपासणी झाली. अधिकारी आले, टेपनं छातीच्या उंचीवर घेर मोजला, तो तीन मीटरच्या वर भरला. आजींना खुर्चीवर बसवून आणलं होतं. त्यांनी अधिकाऱ्यालाही झोळीची फांदी कोणती ते दाखवलं, ती आता सरळ वर कौलांपलीकडे गेलीय. नोंदीत वय बदललं. मोडकळीला आलेल्या दोन फांद्या उतरवायला परवानगी मिळाली, झाड तोडायला नाही. दादांनी नकाशा बदलायला दिलाय, तीनाचे दोन गाळे होतील. मी दुकानात गेले की औषध देतात, सुट्टे पैसे परत करतात, पण पूर्वीसारखं "बसा की ताई" म्हणत नाहीत. धाकट्या मुलाच्या वाट्याचा गाळा गेला, हे खरंच आहे. सावली सगळ्या गावाची आणि किंमत एका घरानं मोजायची, हे मला न्यायाचं वाटत नाही. जुनं झाड अंगणात राखणाऱ्याला घरपट्टीत सूट द्या, झाडामुळे गेलेली जागा वरच्या मजल्यावर बांधू द्या, इमारतीभोवती मोकळं सोडायच्या सामासिक अंतरात सवलत द्या, असं काहीतरी व्हायला हवं आणि तसा अर्जही मी नगरपरिषदेत दिलाय. त्याच्या प्रतीवर दादांनी सही केली. सही करताना माझ्याकडे बघितलं नाही, पण केली.

आता आम्ही चार-पाच जण मिळून गावातल्या पन्नाशीपुढच्या झाडांची यादी करतोय. झाड कुठं आहे, घेर किती, आणि वयाचा आधार काय, असे तीन रकाने. तिसरा रकाना भरणं सगळ्यांत अवघड. बाजारपेठेतल्या वडाला ७२ च्या दुष्काळातली सुकडीची रांग सापडली, ती बघितलेली तीन माणसं आहेत. दवाखान्यामागच्या आंब्याचं कलम ज्यांनी बांधलं त्यांच्या मुलीकडे खर्चाची वही आहे, तीत तारीख आहे. नदीकडच्या पिंपळाचं मात्र अजून काही मिळालेलं नाही. तिथल्या घाटाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा पिंपळ केवढा होता हे जाणणारे एक गवंडी मामा हयात आहेत, लेकीकडे पलीकडच्या तालुक्यात असतात, ऐकायला कमी येतं. त्यांच्या लेकीशी फोनवर बोलणं झालंय, सकाळी चहा घेतल्यावर ते चांगलं बोलतात म्हणाली. येत्या रविवारी पहिल्या एसटीनं जाणार आहोत.